कोंडवाडा, पांजरपोळ आणि कुत्र्यांची गाडी

९ डिसेंबर २०२० च्या सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक रानगवा शिरला. फिरायला निघालेल्यांनी त्याला पाहिलं, फोटो काढले, ते व्हॉट्सॲपवर फिरले आणि बघता बघता बघ्यांची जत्रा भरली. वनखातं आलं, अग्निशमन दल आलं, पोलीस आले, प्राणिमित्र आले. जाळ्या लावल्या, भुलीची इंजेक्शनं मारली. गवा गर्दीला बिचकून भिंतींना आणि गेटांना धडका देत धावत राहिला, आणि शेवटी पकडल्यावर थोड्याच वेळात मेला. दोन आठवडे उलटायच्या आत, २२ डिसेंबरला, बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी माणसांना लांब रोखून धरलं, त्याची वाट मोकळी ठेवली आणि तो आपल्या पायांनी जंगलात परत गेला.

दोन्ही वेळा खाती जवळपास तीच होती. जाळ्या आणि भुलीची औषधंही दोन्ही वेळा मिळाली असती. फरक पडला तो माणसं आवरल्यामुळे. प्राण्यांच्या बंदोबस्ताचा पुण्याचा जो काही इतिहास आहे, तो मला या दोन गव्यांच्या मधे सापडतो. या शहराने गेली दीडशे वर्षं जनावर उचलण्याची सोय केली. ज्या माणसांमुळे ते जनावर रस्त्यावर आलं, वाढलं, चिडलं किंवा मेलं, त्यांना मात्र हात लावायचं टाळलं. आज भटक्या कुत्र्यांवरून सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जी भांडणं पेटलेली असतात, त्यातले दोन्ही पक्ष हीच परंपरा चालवतात. ‘हटवा’ म्हणणाऱ्यांना कुत्रं जायला हवं आहे, ‘वाचवा’ म्हणणाऱ्यांना ते राहायला हवं आहे. आपापल्या वागण्यात काही बदलायला हवं, असं मात्र दोघांनाही वाटत नाही.

सुरुवात कुत्र्यांपासून झालेली नाही. इंग्रजी अमलातली जनावरांसाठीची सगळ्यात ठसठशीत सरकारी सोय म्हणजे कोंडवाडा. १८७१ च्या कायद्याने त्याला चौकट दिली. दुसऱ्याच्या पिकात किंवा रस्त्यावर मोकाट फिरणारं ढोर हाकत आणायचं, कोंडवाड्यात बांधायचं. मालकाने दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च भरून सोडवून न्यायचं. तो मुदतीत आलाच नाही तर लिलाव. गाईम्हशींपासून गाढवं-डुकरांपर्यंत सगळ्यांना हा कायदा लागू. त्यात जनावराबद्दल प्रेमही नाही आणि द्वेषही नाही. त्याचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे मालक. जनावर ही कोणाची तरी मालमत्ता आहे आणि त्या कोणाच्या तरी खिशाला चाट बसली की तो दावं आवळेल, हा हिशेब. खेड्यात तो बऱ्यापैकी चालला. शहरात धार काढून झाली की गाय मंडईच्या दिशेने सोडून देणाऱ्या गवळ्याने दंडाला चाऱ्याच्या खर्चात धरलं. महिनाभराच्या वैरणीपेक्षा कधीमधी भरावा लागणारा दंड स्वस्त पडतो, हे कळायला त्याला कोणाच्या सल्ल्याची गरज नव्हती.

दुसरी सोय दयेची. तिचा एक धागा मुंबईत सापडतो. १८३२ च्या जूनमध्ये तिथल्या इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला. कुत्र्यामागे इनाम होतं, त्यामुळे मारणाऱ्यांचे हात घरातल्या कुत्र्यांपर्यंतही जाऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे, आणि त्यातच त्यांचा सणाचा दिवस होता. दंगा झाला, दुकानं बंद झाली, कोटातल्या गोऱ्या लोकांचा आणि शिपायांचा शिधा अडला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेदजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारी संस्था आणि १८८० च्या दशकात परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. देशात प्राण्यांचं मोठं रुग्णालय म्हणून आजही त्याचं नाव निघतं.

पुण्यातही पांजरपोळ आला. आज तो भोसरीला आहे, आणि नाशिक रस्त्याने जाणाऱ्याला ‘पांजरपोळ’ हे नाव स्टॉप म्हणूनच जास्त ओळखीचं आहे. पांजरपोळाचं काम मोठं आहे. भाकड गाय, लंगडा बैल, कसायाच्या दारातून सोडवलेलं ढोर यांना मरेपर्यंत चारा देणं सोपं नाही, आणि २०१५ मध्ये राज्यातला गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांपर्यंत वाढल्यापासून तर ते आणखी अवघड झालं आहे. पण पांजरपोळ चालतो पुण्यावर, म्हणजे दात्याच्या पदरात पडणाऱ्या पुण्यावर. गाईला घास घातला की ते पुण्य हमखास. खरूज झालेल्या कुत्रीला घातला तर हमखास नाही. त्यामुळे कोंडवाड्याला हवा असलेला मालक ज्याला नाही आणि पांजरपोळाला हवं असलेलं पावित्र्यही ज्याच्याकडे नाही, असा एक प्राणी दोन्हीकडून सुटला.

त्याच्यासाठी तिसरी सोय झाली, ती गाडीची. जुन्या पुणेकरांना ती आठवते: जाळीची गाडी, लोखंडी चिमटे, आणि गाडी दिसली की आपापली कुत्री घरात ओढून घेणारी पोरं. भारतातल्या बहुतेक नगरपालिकांनी विसाव्या शतकाचा मोठा भाग कुत्री मारण्यात घालवला. कुठे खाण्यातून स्ट्रिक्निन, कुठे विजेचा धक्का. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीने झाला, त्याचं कौतुक होतं आणि व्हायलाही हवं. पण भटकी कुत्री मारण्याला त्या कायद्यानेही क्रूरतेच्या व्याख्येतून सूट दिली होती, हे सहसा कोणी सांगत नाही. आणि हे काम करायचं कोणी? महापालिकेच्या उतरंडीत जो सगळ्यात खाली उभा, त्याने. पेठेतल्या लोकांना कुत्री नको असायची आणि कुत्री मारणाराही नको असायचा. गाडी आली की त्याच्याशी हुज्जत घालायची, आणि गाडी आली नाही की वृत्तपत्रात पत्र लिहायचं.

बरं, इतकं मारून साधलं काय? मद्रासचा हिशेब बोलका आहे. तिथे १८६० च्या सुमारास कुत्री मारायला सुरुवात झाली तेव्हा दिवसाला एखादं कुत्रं मारलं जाई. १९९६ पर्यंत हा आकडा दिवसाला १३५ वर गेला होता. सव्वाशेहून जास्त वर्षं मारूनही मारायला कुत्री उरत होती, आणि दर वर्षी जास्तच उरत होती. तिथल्या ब्लू क्रॉस या प्राणिमित्र संस्थेने साठच्या दशकापासून नसबंदीचा आग्रह धरला, तो भूतदयेइतकाच या आकड्यांच्या जोरावर. कुत्रीचा गरोदरपणाचा काळ जेमतेम दोन महिन्यांचा, पिल्लं पाच-सहा, आणि वर्षाच्या आत पिल्लूही विणारं. जागा रिकामी झाली आणि कचरा तसाच राहिला की शेजारच्या आळीतली कुत्री ती भरून काढतात.

हे फक्त कुत्र्यांचंच आहे असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नरला, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला उसातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा धडाका लागला, तेव्हा हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास करून ते दाखवून दिलं. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो आणि मोकळ्या झालेल्या जागी दुसरा येतो. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आज देशभर ओळखलं जातं, पण त्याच्या पिंजऱ्यांनी उसातला प्रश्न मिटलेला नाही. कारण ऊस आहे, उसात लपायला जागा आहे, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं आहेत.

२००१ मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम केले. पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस टोचा, कानाला खूण करा आणि जिथून उचललं तिथेच सोडा. त्यानंतरची दोन दशकं कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००८ च्या डिसेंबरात महापालिकांना उपद्रवी कुत्री मारण्याची वाट मोकळी करून दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात तिला स्थगिती दिली. ते प्रकरण २०२४ च्या मे महिन्यात मिटलं, तोवर २०२३ चे नवे नियम आले होते. एवढ्या काळात वकिलांच्या कितीतरी फिया झाल्या. शस्त्रक्रियेची टेबलं त्या मानाने फारशी वाढली नाहीत.

पुण्यात हे काम कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. गाडी बहुधा पहाटे निघते, कारण उजाडल्यावर कुत्री पांगतात आणि माणसं जमतात. दोघंजण जाळं घेऊन उतरतात. पहिलं कुत्रं सापडलं की त्याच्या किंकाळीने आख्खी गल्ली जागी होते, बाकीची कुत्री गाड्यांखाली शिरतात. वरच्या गॅलरीतून एक आवाज येतो, ‘अहो, तिला नका नेऊ, ती काही करत नाही!’ शेजारच्या गॅलरीतून दुसरा, ‘आधी तीच उचला!’ पकडलेली कुत्री मुंढव्याच्या केंद्रात किंवा नायडू रुग्णालयाच्या बाजूच्या पॉन्डमध्ये, म्हणजे कुत्री ठेवायच्या जागेत, जातात. उपाशीपोटी शस्त्रक्रिया, मग चार-पाच दिवस पिंजऱ्यात देखरेख, टाका धरला की परत त्याच कोपऱ्यावर. हे सगळं मुख्यतः संस्थांकडून करून घेतलं जातं. महापालिका पैसे देते आणि आकडे घेते. पॉन्ड नायडूच्या शेजारी आहे याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. रेबीजची लक्षणं उमटलेला पुणेकर शेवटच्या दिवसांत याच साथरोग रुग्णालयात आणला जातो. ही दोन्ही खाती एका भिंतीच्या अंतरावर आहेत, पण एकाच प्रश्नाची दोन टोकं म्हणून त्यांचा विचार करणारं टेबल मला महापालिकेत दिसत नाही.

गाडी कुठे जाते, हा सगळ्यात मोठा प्रश्न. तक्रार येते तिथे जाते. तक्रार कोण करतो? ज्याला ॲप वापरता येतं, ज्याची माननीयांशी ओळख आहे, ज्याच्या सोसायटीला लेटरहेड आहे. नसबंदीचा उपयोग व्हायचा तर एका भागातल्या कुत्र्यांपैकी साधारण ७० टक्के एका विणीच्या आत उरकावी लागतात. मगच पुढच्या वर्षी तिथे पिल्लं कमी दिसतात. आज औंधातली तीन, उद्या हडपसरची पाच, परवा पुन्हा औंध, अशा शिंपडणीने आकडा भरतो, बिल निघतं आणि पिल्लं मात्र तेवढीच राहतात. कान कापलेल्या कुत्रीशेजारी कान शाबूत असलेली कुत्री हिवाळ्यात सहा पिल्लं घेऊन बसलेली असते, आणि बघणारा म्हणतो, नसबंदीचा काही उपयोग नाही.

आकड्यांचंही तसंच. महापालिकेच्या पाहण्यांप्रमाणे २०१८ मध्ये शहरात ३ लाख १५ हजारांच्या आसपास भटकी कुत्री होती आणि २०२३ मध्ये १ लाख ८० हजारांच्या आसपास. म्हणजे पाच वर्षांत चाळीस टक्क्यांहून जास्त घट. या काळात २३ गावं महापालिकेत आली, शहर मुंबईपेक्षाही पसरलं, आणि कुत्री मात्र निम्म्याच्या जवळ आली? खरं असेल तर जगभरातल्या पशुवैद्यांनी पुण्याला अभ्यासदौरे काढायला हवेत. मला वाटतं, दोन पाहण्यांमधला फरक हा कुत्र्यांपेक्षा मोजण्याच्या पद्धतींमधला असावा. रस्त्यावरची कुत्री शिरगणतीसारखी मोजता येत नाहीत. नमुन्याचे रस्ते ठरवायचे, ठराविक वेळी फिरायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरून किती तीच दिसली ते पाहायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा. ही पद्धत दर वर्षी तीच ठेवली तरच घट की वाढ हे सांगता येतं.

आता निवाऱ्याकडे येतो, कारण सध्या तेच टाळीचं वाक्य आहे. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री आठ आठवड्यांत निवाऱ्यांत हलवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून परत सोडा, रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री तेवढी वगळा, खायला घालायच्या जागा ठरवा. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. तेव्हापासून पुण्यातही ‘सगळ्यांना शेल्टरमध्ये टाका’ हे सोपं उत्तर होऊन बसलं आहे.

पाटीवर हिशेब करू. महापालिकेचाच कमी आकडा धरू, १ लाख ८० हजार. प्रत्येकाला रोज चाळीस रुपयांचं खाणं, म्हणजे अगदी हात राखून. दिवसाला ७२ लाख, वर्षाला २६२ कोटींच्या वर. यात डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत, पगार, पाणी, मलमूत्राची विल्हेवाट काही नाही. प्रत्येकाला तीन चौरस मीटर जागा दिली तर नुसत्या पिंजऱ्यांना सव्वाशे एकरांहून जास्त लागतील. ही जमीन कुठली? उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी शहराचा कचरा सोसून सोसून शेवटी गाड्या अडवल्या. आता त्यांच्या किंवा त्यांच्यासारख्या दुसऱ्या गावाच्या उशाला पावणेदोन लाख भुंकणारी कुत्री नेऊन ठेवायची, आणि त्याला भूतदया म्हणायचं की स्मार्ट सिटी?

निवारा नकोच असं मी म्हणत नाही. अपघातात मोडलेलं, आंधळं, चावरं, रेबीजचा संशय असलेलं, अशा प्राण्यांसाठी तो हवाच, आणि पुण्यात तो खाजगी उमेदीवर उभा राहिला आहे. नेहा पंचमिया यांची २००७ मध्ये सुरू झालेली ‘रेस्क्यू’ ही संस्था बावधनला वनखात्याबरोबर वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र चालवते. कात्रजला नीलिमकुमार खैरे यांच्या हातून १९८६ मध्ये उभं राहिलेलं सर्पोद्यान आणि तिथलं प्राण्यांचं अनाथालय हेही त्याच जातीचं काम. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना होता, तिथेच १९५३ मध्ये पेशवे पार्क झालं, आणि तिथले प्राणी पुढे कात्रजला गेले. दुरून आणलेल्या वाघसिंहांसाठी शहराने जागा, पैसा आणि सुपरिटेंडेंट दिले. गल्लीतल्या जनावरासाठी ठेकेदार दिला.

प्राणिमित्रांशीही माझं भांडण आहे. ते संतांचे दाखले देतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव, कावडीतलं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ. दाखले सुंदर आहेत. पण नामदेवांच्या त्या कुत्र्याने दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर निघालेल्या झाडूवालीच्या पोटरीचा लचका तोडला असता, तर कथा कशी पुढे गेली असती? शाळेच्या फाटकासमोर रोज किलोभर भात ओतणारा माणूस पुण्य स्वतःकडे ठेवतो आणि धोका दुसऱ्याच्या पोराकडे ढकलतो. ज्या कुत्र्याला घालतो त्याची नसबंदी आणि दरवर्षीची लस त्याने पत्करली, तर त्याचा भात मला मान्य आहे.

चावे कोणाला बसतात हेही बघायला हवं. पुण्यात वर्षाला ते वीस हजारांच्या घरात आहेत. मोटारीच्या काचेआडून कुत्रं चावत नाही. चावतं ते कचरा वेचणाऱ्या बायांना, रात्रपाळीहून पायी येणाऱ्याला, डिलिव्हरीच्या पोराला, वस्तीतल्या लहान मुलांना. त्या माणसाचे चार-पाच इंजेक्शनांचे हेलपाटे, बुडालेला रोज, आणि जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनसाठी मोठ्या दवाखान्याची वाट. पोटातली चौदा इंजेक्शनं २००४ च्या अखेरीपासून गेली, पण त्यांची धास्ती अजून गेलेली नाही, म्हणून काहीजण हळद-तिखट भरून घरीच बसतात. पंधरा मिनिटं साबणाने आणि वाहत्या पाण्याने जखम धुणं हा पहिला उपचार, आणि वस्तीत वाहतं पाणी सकाळी तासभरच येतं. देशात दर वर्षी रेबीजने मरणाऱ्यांचा अलीकडच्या पाहणीतला अंदाज ५,७२६ आहे. या मरणाला आधी औषध आहे, नंतर नाही.

आपल्या शेजारी गोव्याने हे करून दाखवलं. ‘मिशन रेबीज’बरोबर सरकारने राज्यभर दर वर्षी कुत्र्यांना लस टोचली. कोणतं कुत्रं कुठे टोचलं याची नोंद फोनवर ठेवली, शाळांत जाऊन मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्याची खबर द्यायला दूरध्वनी ठेवला. २०१७ नंतरची काही वर्षं तिथे रेबीजने माणूस मेला नाही, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला. गोव्यात कुत्री कमी झाली का? समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बघा. पण चावलं तर मरू, ही भीती तिथे ओसरली. कुत्र्यांची संख्या आणि कुत्र्यांचा रोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना वेळेवर कळलं.

पुण्यात माझ्या मते काम तीन-चार ठिकाणी अडलं आहे, आणि त्यातलं एकही ठिकाण कुत्र्याचं नाही. चिकन-मटणाच्या दुकानांचा आणि हॉटेलांचा कचरा रात्री कुठे जातो? कंटेनर उचलले, शहर कंटेनरमुक्त झालं, आणि जिथे कंटेनर होते तिथेच ‘क्रॉनिक स्पॉट’ तयार झाले. पालिकेचे कर्मचारी हा शब्द आता सर्रास वापरतात. पाळलेल्या कुत्र्याचा परवाना काढणं बंधनकारक आहे, पण तो काढणारे थोडेच. हस्की हौसेने आणायचा, उन्हाळ्यात झेपला नाही की टेकडीखाली सोडून यायचा, आणि त्याची पिल्लं पुढे ‘भटकी’ म्हणून मोजली जातात. कोंडवाड्याला निदान मालक ठाऊक होता. इथे मालक आहे, पण त्याला शोधायचं कोणी मनावर घेत नाही.

उंड्री, मांजरी, सूस, वाघोली अशा नव्या हद्दीत याचा नमुना रोज तयार होतो. बांधकाम सुरू झालं की साइटवर वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीशी एखादं पिल्लू येतं. रात्रीची राखण होते, म्हणून बिल्डरलाही ते चालतं. तीन वर्षांत इमारत उभी राहते, वॉचमन दुसऱ्या साइटवर जातो आणि मागे आठ-दहा कुत्री राहतात. नवे फ्लॅटधारक येतात आणि पहिल्याच सर्वसाधारण सभेत विषय पहिला: भटक्या कुत्र्यांचा उपद्रव. भोगवटा प्रमाणपत्र देताना महापालिका अग्निशमन, ड्रेनेज, झाडं असे किती दाखले मागते. त्यात आणखी एक घालावा, साइटवरच्या सगळ्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस झाल्याचा. चौरस फुटाला आठ-दहा हजार घेणाऱ्याला तो खर्च जाणवणारही नाही. असा ठराव सभागृहात आलाच तर त्याला पहिला विरोध कोणत्या बाकावरून होतो, एवढं मला पाहायचं आहे.